रोजां, झेंडू आणि दसऱ्याचे तोरण

गोव्यात झेंडूला ‘रोजां’ म्हणतात. घाटावरून आलेल्या माणसाला याचे नवल वाटते. गुलाबाला आम्ही गुलाबच म्हणतो आणि झेंडूला मात्र ‘रोजां’. पोर्तुगीज भाषेत ‘रोझा’ म्हणजे गुलाब. माझ्या कानाला तरी ‘रोजां’मध्ये त्याच शब्दाचा आवाज येतो. आमच्या पाव, बटाटा, काजू, पगार, मेज या शब्दांसारखाच हाही समुद्रावरून उतरलेला असावा. पण पावाच्या बाबतीत आपण ‘हा पोर्तुगीजांनी आणला’ असे चटकन म्हणतो, झेंडूच्या बाबतीत तसे म्हणायला जीभ रेटत नाही. दसऱ्याचे तोरण, वाहनांच्या माळा, देवळाच्या चौकटी, तुळशीचे लग्न, सगळीकडे तोच असतो. इतके आपले झालेले फूल परके असेलच कसे?

पण झेंडू मूळचा मेक्सिकोचा, याविषयी वनस्पतिशास्त्रात वाद नाही. त्याचे सगळे रानटी भाऊबंद अमेरिका खंडात आहेत. तेव्हा खरा प्रश्न वेगळाच आहे. बाहेरून आलेल्या शेकडो झाडांपैकी नेमक्या याच फुलाला आपण दसऱ्याचा मान का दिला? माझ्या परसात काही वर्षे झेंडू लावल्यावर मला या प्रश्नाचे उत्तर पोथ्यांपेक्षा वाफ्यात जास्त सापडले. ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी नावांकडे पाहू. जाई, मोगरा, चाफा, कमळ, केवडा ही आपली जुनी फुले. एकट्या कमळाला संस्कृतात डझनांनी नावे आहेत. पंकज, सरोज, अरविंद, राजीव, पुंडरीक… काव्याने शतकानुशतके लाड केल्याशिवाय एखाद्या फुलाला इतकी नावे मिळत नाहीत. झेंडूचे तसे नाही. हिंदीतला गेंदा म्हणजे गेंदेसारखा, चेंडूसारखा. कानडीत तर सरळ ‘चेंडु हूवु’, चेंडूफूल. कोकणातला गोंडा म्हणजे टोपीला किंवा झुलीला असतो तो गोंडा. नवा माणूस गावात आला की त्याचे गोत्र ठाऊक नसते, म्हणून लोक त्याला त्याच्या रूपावरून हाक मारतात, उंच असेल तर लंबू, गोरा असेल तर गोरो. झेंडूला भारतभर असेच रूपावरून पुकारले गेले. कालिदासाच्या नायिका शिरीष कानात घालतात, कुरबक केसांत माळतात. झेंडू कोणीच माळत नाही.

इथे तारखांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. दोमिंगो पाइश हा पोर्तुगीज प्रवासी १५२० च्या सुमारास विजयनगरला गेला. कृष्णदेवरायाच्या दरबारातल्या महानवमीचे, म्हणजे आपल्या नवरात्र-दसऱ्याचे, त्याने लिहिलेले वर्णन प्रसिद्ध आहे. घोडे, हत्ती, नाच, कुस्त्या, दारूकाम, सगळे त्यात आहे. राजा घोड्यांवर आणि हत्तींवर पांढरी फुले उधळतो, तेही आहे. आता दुसरी तारीख घ्या. अझ्टेकांची राजधानी टेनोच्टिट्लान स्पॅनिश फौजेच्या हाती पडली ती १३ ऑगस्ट १५२१ रोजी. म्हणजे पाइशने पाहिलेल्या त्या झगमगत्या उत्सवात झेंडू असणे शक्यच नव्हते. दक्षिणेतला सर्वांत थाटाचा म्हणून इतिहासाने नोंदवलेला दसरा झेंडूवाचून पार पडला. गोव्यात पोर्तुगीज १५१० साली आले, त्या वर्षी मांडवीच्या काठी ज्या कोणी दसरा केला असेल त्यांच्याही दारावर आंब्याची पाने असतील, झेंडू नसेल.

तिकडे मेक्सिकोत मात्र हे फूल आधीपासूनच देवाधर्माचे होते. नाहुआत्ल भाषेत त्याचे नाव ‘सेम्पोआल्शोचित्ल’, आजच्या मेक्सिकन बोलीत ‘सेम्पासूचिल’. सेम्पोआल्ली म्हणजे वीस आणि शोचित्ल म्हणजे फूल. त्या लोकांची मोजणी विसाच्या पटीत चाले, म्हणून वीस म्हणजे पुष्कळ. आपल्याकडे नेपाळीत झेंडूला ‘सयपत्री’ म्हणतात, शंभर पाकळ्यांचे. पृथ्वीच्या दोन टोकांच्या माणसांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट पाहिली आणि तिला संख्येचे नाव दिले. शास्त्राच्या नजरेनेही ते खरेच आहे. झेंडूची जी ‘पाकळी’ आपण तोडतो ते एक स्वतंत्र लहान फूल असते आणि आपण ज्याला फूल म्हणतो तो अशा फुलांचा गुच्छ असतो. १५५२ साली मेक्सिकोतल्या त्लातेलोल्को येथे मार्तिन दे ला क्रूझ या स्थानिक वैद्याने सांगितलेला आणि हुआन बादियानो याने लॅटिनमध्ये उतरवलेला वनौषधींचा ग्रंथ आहे, त्यातही झेंडू आहे.

पुढे स्पॅनिश पाद्र्यांनी तिथले देव पाडले, पण फूल पाडता आले नाही. कॅथलिक पंचांगातला २ नोव्हेंबरचा मृतांचा दिवस आणि तिथली पितरांची जुनी परंपरा एकमेकांत मिसळली आणि झेंडू त्या दिवसाचे मुख्य फूल झाले. आजही तिथे कबरी झेंडूने भरतात. घरातल्या वेदीपर्यंत त्याच्या पाकळ्यांची वाट घालतात, म्हणजे त्या रंगाच्या आणि वासाच्या खुणेवर पितर घरी येतात अशी श्रद्धा. पोर्तुगीज भाषेतही या फुलाचे एक नाव ‘क्राव्हु दि दिफुन्तु’ असे आहे, मेलेल्यांचे फूल.

युरोपात गेल्यावर मात्र झेंडूच्या नावांचा पुरता घोळ झाला. जर्मन वैद्य लेओनहार्ट फुक्स याच्या १५४२ च्या ग्रंथात झेंडूचे चित्र आहे आणि तिथे त्याला ‘इंडियन’ म्हटले आहे; कोलंबसाच्या चुकीमुळे अमेरिका तेव्हा ‘इंडीज’च होती. मोठ्या झेंडूला लोक आफ्रिकन म्हणू लागले, कारण तो उत्तर आफ्रिकेतून आला असा समज झाला. बुटक्या, तांबूस छटेच्या झेंडूला फ्रेंच म्हटले गेले. १७५३ साली लिनियसने त्यांना ‘टॅजेटिस इरेक्टा’ आणि ‘टॅजेटिस पॅट्युला’ ही शास्त्रीय नावे दिली, तीही टेजिस नावाच्या एका एत्रुस्कन दैवी पुरुषावरून. आपल्या कृषी पुस्तिकांत अजून आफ्रिकन झेंडू आणि फ्रेंच झेंडू असेच छापतात. आफ्रिकेशी आणि फ्रान्सशी त्यांचा संबंध फक्त वाटेतल्या मुक्कामाचा. त्यापेक्षा बुटक्या झेंडूला मराठीत असलेले ‘मखमल’ हे नाव किती सुंदर आहे! पाकळी बोटांत धरून पाहिली की ते का पडले हे सांगावे लागत नाही.

अमेरिकेची झाडे भारतात यायला समुद्रावरून दोन वाटा होत्या. एक लिस्बनहून आफ्रिकेला वळसा घालून गोव्याची. दुसरी १५६५ पासून सुरू झालेली, मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून पॅसिफिक ओलांडून मनिलाची आणि तिथून मकाव, मलाक्का असे करत पश्चिमेकडे येणारी. काजू, मिरची, पेरू, पपई, अननस, सीताफळ, चिकू, रताळे ही मंडळी अशीच आली. त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले जाते, कारण ती पोटात जातात. फुलांबद्दल कोणी फारसे बोलत नाही. पण आपले पूजेचे तबक नीट पाहा. झेंडू मेक्सिकोचा. हारात ओवतो ती गुलछडी, म्हणजे निशिगंध, मेक्सिकोचीच. देवळाच्या आवारात हमखास असतो तो पांढरा-पिवळा खुरचाफा, तोही मध्य अमेरिकेकडचा. संध्याकाळी उमलणारी गुलबक्षीही अमेरिका खंडातलीच. जुन्यापैकी जास्वंद, जाई, मोगरा, आबोली आणि दूर्वा तेवढ्या शिल्लक.

आता हे सारे कोणत्या काळात घडत होते ते गोव्याच्या माणसाला वेगळे सांगायला नको. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले. तिसवाडीतली देवळे त्याआधीच पडली होती, बार्देश आणि साष्टीतली त्याच दशकात पडली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. देव रातोरात नदी ओलांडून अंत्रुज महालात गेले. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरचा आपला ग्रंथ १९६१ साली प्रसिद्ध केला. त्यात १७३६ सालचा जाहीरनामा आहे. बाटलेल्या लोकांनी कोणते जुने आचार सोडावेत याची ती लांबलचक यादी वाचताना अंगावर काटा येतो. लग्नातली गाणी, विडा, जेवणाच्या रीती, आणि तुळस. घराच्या आवारात तुळस ठेवायची नाही, असेल ती उपटून टाकायची.

एका झाडाला उपटण्याचा हुकूम देणाऱ्या राज्याच्याच जहाजांच्या वाटेने दुसरे झाड आले आणि त्याच तुळशीच्या गळ्यात माळ होऊन बसले. मला झेंडूच्या इतिहासातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. मेक्सिकोत जुने फूल नव्या धर्माने स्वीकारले, गोव्यात नवे फूल जुन्या धर्माने स्वीकारले. आणि फूल नदीच्या दोन्ही काठांवर राहिले. अंत्रुजातल्या देवळाच्या चौकटीवर झेंडू असतो आणि साष्टीतल्या वाटेवरच्या खुरसाच्या गळ्यातही झेंडूचीच माळ असते. घालणारे हात एकमेकांचे चुलत-चुलत भाऊच, चारशे वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झालेले.

पण पुन्हा तोच प्रश्न, झेंडूच का? रंग हे एक कारण सगळेच सांगतात. केशरी-पिवळा हा हळदीचा, भगव्याचा रंग, म्हणून चालून गेला. हे खरेच, पण पुरेसे नाही. पूजेत सुगंधाला मोठा मान आहे आणि झेंडूचा वास उग्र. तो कोणी केसांत हौसेने माळत नाही. दुसरे कारण टिकाऊपणाचे. जाईचा हार संध्याकाळपर्यंत माना टाकतो, झेंडूचे तोरण ऊन-वारा खात दोन-तीन दिवस तग धरते, आणि मग सुकले तरी रंग सोडत नाही. देठाची गाठ मारावी लागत नाही, फुलाच्या पोटातून सुई गेली की झाले. वाहन, अवजार, दुकानाची पाटी, नांगर, काहीही सजवायचे तर असेच फूल हवे. दसरा हा अवजारांचा सण आहे, नाजूक फूल तिथे पुरत नाही.

माझ्या मते मुख्य कारण मात्र तिसरे आहे आणि ते सूर्याचे आहे. मोठा झेंडू ‘लहान दिवसाचे’ झाड आहे. दिवस लांब असतो तोवर त्याचा जोर पानांवर असतो. दिवस लहान होऊ लागले की कळ्यांची घाई सुरू होते. गोवा साडेपंधरा अक्षांशावर आहे. आपला मोठ्यात मोठा दिवस सुमारे तेरा तासांचा, लहानात लहान सव्वाअकरा तासांच्या आसपासचा. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला दिवस-रात्र समान होतात, त्यानंतर दिवस आखडत जातो आणि झेंडू भरात येतो. दसरा येतो तो सप्टेंबर अखेरीपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत, दिवाळी त्यानंतर वीस दिवसांनी, मग तुळशीचे लग्न. आता मेक्सिको पाहा. वाहाका सुमारे सतराव्या अक्षांशावर, मेक्सिको शहर एकोणीसच्या थोडे वर. म्हणजे जवळपास आपल्याच पट्ट्यात. तिथेही जून ते सप्टेंबर पावसाळा, आणि तिथला मृतांचा दिवस २ नोव्हेंबरचा. झेंडूने समुद्र ओलांडला, पण घड्याळ बदलले नाही. त्याच्या मूळ गावी ज्या सुमारास तो पितरांसाठी फुलत होता, त्याच सुमारास इथे तो देवीसाठी आणि लक्ष्मीसाठी फुलू लागला. पावसाळा सरताना, भात पिवळे पडताना, ऐन सणात, फारसे काही न मागता. अशा पाहुण्याला कोण परत पाठवील?

म्हणूनच परसात झेंडू लावणे म्हणजे पंचांग सांभाळणे आहे. बी पेरल्यापासून रोप लावायला तीन-चार आठवडे आणि तिथून फुलायला साधारण ५० ते ६० दिवस. दसऱ्याला फूल हवे तर दसऱ्यापासून मागे मोजत जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बी पेरायला हवे. नेमका हाच आमच्याकडे धो-धो पावसाचा काळ. म्हणून बी उघड्यावर टाकायचे नाही. पडवीत, पागोळ्या लागणार नाहीत अशा जागी, पसरट कुंडीत किंवा जुन्या खोक्यात माती, वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून पेरावे. चार ते सात दिवसांत कोंब दिसतात. या वेळी पाणी जास्त झाले की रोपे बुंध्याशी काळी पडून एका रात्रीत आडवी होतात. हा रोग औषधाने कमी आणि हात आखडता ठेवल्याने जास्त आवरतो.

लावण गादीवाफ्यावर करावी. आमची जांभ्याची माती निचऱ्याची म्हणतात, पण सपाट परसात ऑगस्टमध्ये पाणी तुंबतेच. मोठ्या झेंडूला दीड-दीड फूट अंतर, मखमलीला एक फूट. रोप जोर धरून हातभर होऊ लागले की शेंडा खुडायचा. नवशिक्याला हे जिवावर येते. पण शेंडा खुडला की बगलेतून फांद्या फुटतात आणि एका फुलाच्या जागी दहा येतात. नत्राचे खत घालत बसू नये, झाड पानांनीच माजते. सप्टेंबरमध्ये उघडीप मिळाली की बुंध्याला माती चढवून बारीक काठीचा आधार द्यावा, नाहीतर भिजून जड झालेली फुले फांदीसकट मोडतात. पानांवर तपकिरी ठिपके आले की खालची पाने काढून टाकावीत आणि पाणी पानांवर न घालता मुळाशी घालावे. पाऊस गेल्यावर कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी जाळी करतो, त्याला पाण्याचा जोरदार फवारा पुष्कळदा पुरतो. आणि फूल खुडत राहावे. सुकलेले फूल झाडावर राहिले की झाड समजते काम संपले.

मिरची-वांग्याच्या वाफ्याच्या कडेला झेंडू लावायची चाल आहे, त्यालाही अर्थ आहे. झेंडूच्या मुळांतून निघणाऱ्या द्रव्याने मुळांवर गाठी करणारे सूक्ष्म कृमी कमी होतात. टोमॅटोच्या पिकात फळ पोखरणाऱ्या अळीसाठी तर झेंडू मुद्दाम सापळा म्हणून लावतात. टोमॅटोच्या सुमारे १६ ओळींना झेंडूची एक ओळ, अशी शिफारस बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने केलेली आहे. पतंग अंडी घालायला झेंडूकडे वळतो आणि टोमॅटो वाचतो.

एवढे सोपे झाड, तरी दसऱ्याच्या आदल्या दिवशी म्हापसा, पणजी, मडगावच्या बाजारांत जे केशरी ढीग लागतात ते बहुतेक बेळगावकडून आणि घाटावरून आलेले असतात. बेळगावच्या शेतकऱ्याशी माझे काही भांडण नाही. चोर्ल्याच्या घाटातून आमची भाजी, दूध आणि फुले येतात म्हणून आमचे सण होतात. पण म्हार्दोळच्या फूलकारांनी जायांचे मळे राखले, म्हणून म्हाळसेच्या देवळातली जायांची पूजा अजून त्या गावच्या जायांनी होते. रोजांना तसे कोणी राखले नाही.

आणि यात नुसती फुले हरवत नाहीत, बी हरवते. झेंडू भारतभर पसरला तो कुठल्या राजाच्या हुकमाने नव्हे. तो पसरला तोरणातून. दसऱ्याचे तोरण सुकले की ते टाकायचे नाही, पुढच्या पावसाळ्यात चुरडून परसात पेरायचे, ही घरोघरच्या बायकांची रीत. टोकाला फिक्या केसांचा झुपका असलेली ती काळी सुई म्हणजे बी. एका तोरणात अख्ख्या वाड्याला पुरेल इतके बी असते. मात्र बाजारातला आजचा झेंडू बहुधा संकरित बियाण्याचा असतो. त्याचे बी पेरले तर उगवते, पण आईसारखेच फूल देईल याचा नेम नसतो. आणि हे संकरित वाण मुद्दाम वर्षभर फुलण्यासाठी निवडलेले असतात, त्यांना दिवस लहान झाल्याचे सोयरसुतक नसते. शेतकऱ्याला ते हवेच, त्याचे पोट त्यावर आहे. पण सूर्य पाहून दसऱ्याला फुलणारा जुना परसातला रोजां एकदा गेला, की ज्या गुणामुळे या फुलाला सणाचा मान मिळाला तो गुणच गेला. राहील तो फक्त रंग.

आपले काय आणि परके काय यावर आमच्या गोव्यात वाद उकरायला कधीच निमित्त लागत नाही. भाषा, लिपी, आडनावे, जेवण, सगळ्यांना मूळ विचारून झाले आहे. झेंडूला मूळ विचारले तर तो मेक्सिकोचे सांगेल आणि खोटे बोलणार नाही. पण साडेचारशे पावसाळे बायकांनी त्याचे बी डब्यात राखले, पडवीत रुजवले, शेंडा खुडला, तोरणात ओवले. तुळशीला जो हक्क जन्माने मिळाला तो झेंडूला सांभाळण्याने मिळाला, आणि सांभाळणे थांबले तर तो जाईलही. तेव्हा ज्यांच्या परसात अजून जुना रोजां आहे त्यांनी सर्वांत भरदार अशी दोन-चार फुले दसऱ्याला न तोडता झाडावरच सुकू द्यावीत. देठ तपकिरी झाला की फूल कापून सावलीत आठवडाभर वाळवावे, कागदाच्या पुडीत घालून पुडी काचेच्या बाटलीत ठेवावी, आणि वर वाण नि साल लिहावे. शेजाऱ्याने मागितले तर चिमूटभर द्यावे. मग तो शेजारी तोरणासाठी मागत असो की खुरसासाठी.